मागच्या सीटचा हिशोब

ती. आई आणि बाबा,
सा. न.

गाडी ठरली. फोनवरच सांगितलं असतं, पण बाबा, तुम्ही पहिल्याच वाक्याला "नवीनच घे, कमी पडले तर मी देतो" म्हणाला असतात आणि गाडीचं बोलणं बाजूलाच राहिलं असतं. म्हणून पत्र. पैसे नकोत. नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांतच सगळ्यात जास्त उतरते. ती दुसऱ्या कुणीतरी सोसली आहे, उरलेली गाडी आपण वापरू.

पाच गाड्या पाहिल्या. पहिली लालचुटूक, आरशासारखी. मालक म्हणाले, "मारा सेल्फ, एका झटक्यात चालू." मी आधी तुमच्यासारखा बॉनेटवर हात ठेवला, तर बॉनेट गरम! म्हणजे आम्ही पोचायच्या आधीच फिरवून आणली होती. इंजिनचं खरं दुखणं ते गार असतानाच कळतं, हे तुम्ही स्कूटर होती तेव्हापासून सांगताय. "आज रात्री हिला हात लावू नका" असं बजावून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. सेल्फ मारला आणि मागून निळसर धूर. मेकॅनिक एवढंच म्हणाला, "ताई, ऑइल पितेय." निघालो.

दुसरीचं मीटर 32,000 किलोमीटर दाखवत होतं, आणि क्लचच्या पेडलवरचं रबर मात्र पार गुळगुळीत, रेघाच उरल्या नव्हत्या. मग टायर वाचले. हो, टायर वाचता येतात. कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. या गाडीचे चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे निघाले. एवढ्याशा धावण्यात चारही का बदलावे लागले, या प्रश्नावर मालकांना एकदम कुणाचा तरी फोन आला.

आई, तिसऱ्या गाडीत तू असतीस तर दार उघडताच नाक मुरडलं असतंस. आत नुसता सुगंधाचा मारा. मागचा सीटबेल्ट मी शेवटपर्यंत ओढून काढला, तर टोकाकडच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ. गाडी पाण्यात बुडून आली होती. अशा गाडीच्या वायरी हळूहळू सडतात आणि कधी दगा देतील ते सांगता येत नाही.

चौथी खरं तर चांगली होती. पण मागे मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा. ते का अडलं, ते पुढे सांगते.

पाचवी घेतली. करड्या रंगाची, मागच्या बंपरला ओरखडा, बघून कुणी वळूनही पाहणार नाही. पण एकाच मालकाची, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या तारीखवार लावलेल्या, टायमिंग बेल्ट बदलल्याचीसुद्धा. (तो पट्टा चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, मग इंजिन उघडण्यावाचून इलाज नाही.) मेकॅनिकने गाडी वर उचलून खालचा पत्रा बोटाने ठोकून पाहिला, गंज नाही.

आता खरा हिशोब. मागच्या सीटची रुंदी टेपने मोजली, 125 सेंटिमीटर. मुलांना बसवायला वरून बांधतात ती छोटी सीट, एकेक 44. दोन्ही बसल्या की मध्ये उरतात 37. बाळाची सीट पाठमोरी असते आणि ती पुढे ठेवायचीच नाही, कारण समोरची एअरबॅग उघडली तर थेट तिच्या पाठीवर आदळते. मागे ठेवली तरी पाठमोरी सीट लांबीला जागा खाते, तिच्या पुढची सीट सरकवावीच लागते. मग ती माझ्याच मागे लावली. मी बुटकी, तशीही स्टिअरिंगला चिकटून बसते. थोरलीची सीट दुसऱ्या बाजूला, आणि तिच्या पुढची सीट आई, तुझी. ती मागे सरकवून तुला गुडघा सरळ करता येईल. बसायची उंचीही मी आपल्या जेवणाच्या खुर्चीशी ताडून पाहिली, वाकून आत शिरावं लागणार नाही. तुमचे जावई चालवायला बसले की मात्र गुडघे स्टिअरिंगला लागतात. दोघं आलात की ते दुसऱ्या वाहनाने येतील, ठरलंय.

राहिले बाबा. ते 37 सेंटिमीटर तुमचे. तुमच्या किडकिडीतपणाचा घराला पहिल्यांदाच उपयोग होतोय. तिथे खांद्यावरून येणारा पट्टा हवाच होता, म्हणून चौथी सोडली. इथे तो आहे, फक्त त्याचं बकल बाळाच्या सीटच्या कडेखाली दबतं आणि हात घालून शोधावं लागतं.

काल थोरलीला तिथे बसवून पाहिलं. "मी आजोबा," म्हणाली. गुडघे जुळवले, हात पोटावर बांधले, बकल सापडेना तेव्हा दोनदा "च्च" केलं, आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच विचारलं, "अजून किती लांब आहे?"

तुमची,
बाळी