दवाखान्यातलं बाकडं

नागपूर, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. फोनवर आई हळू आवाजात 'जेवला, झोपला, बरं आहे' एवढं सांगते, मीही 'बरं' म्हणते आणि आपण पाऊसपाण्यावर येतो. बाबा, हे पत्र आईला वाचून दाखवा. दादा जवळ असला तरी चालेल. त्याच्यापासून लपवावं असं यात काही नाही.

चार महिन्यांपासून मी इथे एका गटात जाते. गट म्हटल्यावर आईला बचत गट आठवेल. बसणं साधारण तसंच असतं, पण तिथे पैसे कोणी मागत नाही आणि वहीत कोणाचं नाव लिहीत नाही. महिन्यातून एका रविवारी पंधरा-वीस माणसं गोल करून बसतात. प्रत्येकाच्या घरात आपल्या दादासारखं मनाच्या आजाराचं, स्किझोफ्रेनियाचं, कोणी तरी आहे. कोणाचा मुलगा, कोणाची बायको, एका कॉलेजातल्या पोराची आई. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं, एवढा एकच नियम मला पहिल्या दिवशी सांगितला. उठून जाता यावं म्हणून मी दाराजवळची खुर्ची धरली होती.

आईच्या वयाची एक बाई बोलायला लागली. म्हणाली, मी पोराची गोळी वाटीच्या बुडाने चुरते अन् वरणात टाकते. आई, मला एकदम आपला ओटा दिसला. तू दाराकडे पाठ करून उभी राहतेस, गोळी कागदात ठेवून वर वाटी दाबतेस, मग कागद झटकून तीच वाटी वरणात बुचकळतेस, कणभरही वाया जाऊ नये म्हणून. वरण आधी दादाच्या ताटात, मग आमच्या. अकरा वर्षं मी हे पाहिलं आणि जगात असं करणारी तू एकटीच आहेस असं समजत आले. त्या खोलीत हात वर करायला सांगितले असते तर निम्मे तरी वर गेले असते.

तिला कोणी रागावलं नाही. शेजारच्या बाईने तिच्या घरचं सांगितलं. मुलाला एकदा डाळीच्या तळाशी पांढरे कण दिसले, तेव्हापासून तीन महिने त्याने आईच्या हातचं काही खाल्लं नाही. स्वतः फोडलेला बिस्किटाचा पुडा तेवढा खायचा. ज्याला आधीच वाटतं की आपल्याला कोणी तरी विष घालतं आहे, त्याच्या ताटात खरंच लपून काही घातलं तर तो कोणावर भरवसा ठेवणार? मग त्यांनी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही असतं म्हणे. डॉक्टरांनी मुलालाच विचारलं, रोज गोळी की महिन्याला सुई? तो म्हणाला, सुई. हे मला माहीतच नव्हतं. दादाचे हात थरथरतात म्हणून तू मागच्या उन्हाळ्यात मनानेच अर्धी गोळी केली होतीस ना? ती थरथर गोळीमुळे होते आणि तिच्यावरही उपाय असतो. डॉक्टरांना सांगायला हवं होतं, आपण भीतीपोटी सांगितलं नाही, आणि दिवाळीपर्यंत दादा परत रात्र-रात्र जागायला लागला. यात तुझी चूक काढत नाही. तुला सांगणारं कोणी नव्हतं.

बाबा, यापुढचं लिहायला मला फार वेळ लागला.

दुसऱ्या महिन्यात एक म्हातारे कास्तकार बोलले. धोतर, टोपी, हातात पिशवी. त्यांनी मुलाला बांधून ठेवलं होतं. एवढं सांगून ते गप्प झाले आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

मी तेव्हा बारावीला होते. दादा रात्री उठून विहिरीकडे जायचा, कोणी तरी आतून हाक मारतं म्हणायचा. तीन रात्री तुम्ही त्याला आडवं जाऊन परत आणलं. चौथ्या रात्री पोळ्यासाठी आणलेलं नवं दावं तुम्ही खुंटीवरून काढलं आणि गोठ्यातल्या खांबाशी त्याला बांधलं. मला वाटलं होतं की तुम्ही आत येऊन झोपाल. पहाटे पाहिलं तर तुम्ही ओल्या जमिनीवर त्याच्या शेजारी बसला होता, त्याचं डोकं तुमच्या मांडीवर होतं. आईने नंतर त्याच्या मनगटांना खोबरेल तेल लावलं आणि त्या वर्षी तुम्ही बैल सजवले नाहीत. आपल्या घरात त्या रात्रीचं नाव कोणी काढत नाही. तुम्ही लोकांत मिसळणं तेव्हापासून सोडलं. सामुदायिक प्रार्थनेला जाणं सोडलं, लग्नकार्याला आईला एकटीला पाठवायला लागलात. मला वाटायचं, तुम्हाला दादाची लाज वाटते. ते म्हातारे बोलले तेव्हा कळलं की तुम्हाला त्या दाव्याची लाज वाटते. मला कधीही तुमचा राग आला नाही. हे मी तोंडाने आधीच सांगायला हवं होतं.

तामिळनाडूत एरवाडी नावाचं गाव आहे. तिथे लोक अशा आजारी माणसांना बरं व्हावं म्हणून नेऊन ठेवत. ६ ऑगस्ट २००१ ला तिथे आग लागली आणि साखळीने बांधलेली २८ माणसं त्यात गेली. त्यांच्या घरच्यांनीही त्यांना मायेनेच तिथे ठेवलं असणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आता अशा कुठल्याच रुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. याच कायद्याने सरकारी दवाखान्यात उपचार मिळणं हा हक्क ठरवला आहे. दादाला तपासायला आपण कोणाचे उपकार घेत नाही.

आता मुद्द्याचं. मला तुमच्यासाठी असा गट हवा होता, आणि नागपूरला दर महिन्याला तुमचं येणं जमणार नाही हे मला दिसतं. ढोरं कोण पाहणार, वेचणीच्या दिवसांत वावर कोण सांभाळणार? म्हणून आपल्या बाजूला शोधायला घेतलं. आधी टेलिमानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारने चालवलेल्या फोनसेवेला, फोन केला. नंबर १४४१६, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. मी रात्री साडेअकराला लावला होता, तरी पलीकडची मुलगी मराठीत नीट बोलली. घाई केली नाही. हा नंबर आईच्या फोनमध्ये टाकायला शेजारच्या पोराला सांगा, कारण दादाची रात्र जड जाते तेव्हा, आई, तू एकटीच जागी असतेस. मला उठवायला नको म्हणून मलाही फोन करत नाहीस.

तिने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांना विचारायला सांगितलं. यवतमाळला तीनदा फोन लावला, मग त्यांच्या समाजसेविका मॅडम भेटल्या. त्यांनी सरळ सांगितलं की आपल्या तालुक्यात घरच्या लोकांचा गट नाही. मी 'ठीक आहे' म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पाच घरं तयार करा. चौथ्या गुरुवारी आमची टीम तिथे येतेच. तपासणी आटोपली की मी खोली उघडून घेते आणि स्वतः बसते."

पाच घरं कुठून आणू, या विचारात दोन दिवस गेले. मग मला ते बाकडं आठवलं.

जानेवारीत मी तुमच्याबरोबर दवाखान्यात आले होते, आठवतं? खोलीबाहेरच्या हिरव्या बाकड्यावर आपण दोन तास बसलो. प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. एक बाई पदर कपाळापर्यंत ओढून बसली होती. एक भाऊ बायकोचा हात धरून होता आणि ती एकटीच हसत होती. तुमच्या शेजारी पांढरी टोपी घातलेले काका होते. बाबा, तुम्ही मला नंतर एसटीत सांगितलं की हे सहा वर्षांपासून येतात, कारंजाची गाडी धरतात, मुलगी आजारी आहे. हे सगळं तुम्हाला माहीत होतं, आणि सहा वर्षांत तुम्ही त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता. दोघंही समोरच्या भिंतीवरच्या डासांच्या पोस्टरकडे पाहत होता.

आपल्या गावची वस्ती अडीच हजारांच्या आसपास आहे. जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला हा स्किझोफ्रेनिया असतो. म्हणजे हिशेबाने आपल्या एका गावातच आठ जण निघतील. मी मनात मोजायला लागले तर तिघं-चौघं मलाच आठवली. आपण त्यांना वेडा, झपाटलेला, करणी झालेला म्हणत आलो, आणि त्यांच्या घरचे आपल्या दादाला तेच म्हणत असतील. मॅडमनी अमरावती जिल्ह्याचं उदाहरण दिलं. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचं काम झालं. तो उदासीच्या आजाराचा कार्यक्रम होता, आपल्यापेक्षा वेगळा. तिथे गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर बोलायला लावलं. आधी अशा आजाऱ्यांतले शंभरातले चार जण उपचारापर्यंत पोहोचत, दीड वर्षाने सत्तावीस. मोठे डॉक्टर गावात राहायला आले म्हणून हे झालं नाही. आपल्यातलंच कोणी येऊन विचारायला लागलं, म्हणून झालं.

आई म्हणेल, "कोनाले काय सांगा मा, आपलं दुखनं आपल्यापाशी." मला हे ऐकू येतं आहे. पण आई, आजवर ज्यांना सांगितलं ती माणसं चुकीची होती. 'लग्न लावून द्या, सुधरेल' असं म्हणणाऱ्यांना सांगितलं. बाबांनी तेव्हा ठाम नाही म्हटलं आणि एका परक्या मुलीचं आयुष्य वाचवलं, हे मी गटात सांगितलं तेव्हा दोघी बायका रडल्या. त्यांनी लग्न लावून दिलं होतं. माझ्या सोयरिकीच्या वेळी आपण दादाला मावशीकडे पाठवलं. साखरपुड्याचे पेढे खाताना त्याने मला विचारलं, "मी त्या दिवशी का नव्हतो?" मी उत्तर दिलं नाही. आता जावयांना सगळं माहीत आहे. माझ्याबरोबर ते दोनदा गटात येऊन बसले. तिथल्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. 'काल रात्री टीव्हीशी बोलत होता' एवढं म्हटलं तरी ते मान हलवतात, आणि पुढचं वाक्य तेच सांगतात.

गटाने दादाचा आजार जाणार नाही, तुम्हाला खोटी आशा देणार नाही. औषध डॉक्टरांचंच. पण घरात आरडाओरडा आणि टोमणे कमी झाले, घरच्यांना आजार नीट समजला, की परत परत उसळणं कमी होतं, हे डॉक्टर पण सांगतात. कामाच्या गोष्टीही तिथेच कळतात. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यात धरला आहे. तपासणीत ४० टक्के किंवा त्याहून जास्त निघालं तर प्रमाणपत्र मिळतं आणि निराधार योजनेचा अर्ज करता येतो. अकरा वर्षांत आपल्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. मला ते एका रिक्षावाल्या दादांनी सांगितलं, त्यांच्या भावासाठी त्यांनी सगळ्या चकरा मारल्या आहेत.

आणि एक प्रश्न आहे जो तुम्ही दोघं रात्री अंधारात एकमेकांना विचारता. आपल्यामागं याचं कसं? मी पलीकडच्या खोलीतून कितीदा ऐकला आहे. माझ्यापुरतं उत्तर माझ्याकडे आहे, दादा माझा आहे. पण त्या बाकड्यावरच्या ज्या घरांत बहीण नाही, भाऊ नाही, त्यांचं काय? हा प्रश्न चार घरांनी मिळून धरला तर काही तरी वाट निघेल, असं मला मनापासून वाटतं.

बाबा, तुमच्याकडून मला एवढंच हवं आहे. येत्या चौथ्या गुरुवारी टोपीवाल्या काकांना विचारा, "तुमचं कोण?" बस. पुढचं ते बोलतील. पदरवाल्या बाईंना आई विचारेल. कोणाला गटाचं, मीटिंगचं नाव सांगू नका, घाबरतील. तपासणी झाली की अर्धा तास थांबा म्हणावं, चहा आहे.

मी बुधवारी रात्रीच मुक्कामाला येते. सकाळची साडेसातची एसटी धरू. आईला बायकांचं अर्धं तिकीट, तुम्ही अडुसष्टचे, तुमचंही अर्धंच, आधार कार्ड तेवढं खिशात ठेवा. दादाला आधीच सांगा की गोळ्या घेतल्यावर आपण जरा वेळ बसणार आहोत. त्याला बसायचं नसेल तर मी त्याच्याबरोबर बाहेर लिंबाखाली थांबेन, तुम्ही दोघं आत बसा. त्याला काय हवं ते त्यालाच विचारा आणि मला कळवा. मागे त्याने शाईचा पेन मागितला होता, तो घेऊन ठेवला आहे.

थर्मास मी आणते. कप दहा घेते.

तुमची,
बेबी