रात्री जागं कोण असतं?

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी 33 वर्षं सरकारी रुग्णालयात सिस्टर म्हणून नोकरी केली. त्यातली कितीतरी वर्षं रात्रपाळीत गेली. आता निवृत्त आहे. आपल्या दैनिकात वृद्धाश्रमांच्या जाहिराती नेहमी येतात. त्या वाचून आपल्या माणसासाठी जागा शोधणारे बरेच जण असतील, म्हणून हे लिहिते आहे.

माझी ताई, वय 81, पुण्याबाहेरच्या एका खासगी वृद्धाश्रमात सव्वा वर्ष होती. नाव देत नाही. तक्रार जिथे करायची तिथे केली आहे, आणि माझं म्हणणं त्या एका जागेपुरतं नाही. महिन्याला 22 हजार रुपये आणि एक लाख अनामत. भाचा कॅनडात, मी साताऱ्यात, माझ्या यजमानांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दुसरा मार्ग नव्हता. जागा बघायला आम्ही दोघं गेलो होतो. अंगणात तुळस, संध्याकाळी हरिपाठ, स्वयंपाकघर लख्ख. जेवण, डॉक्टर, गरम पाणी, जवळचं हॉस्पिटल, सगळं विचारलं. रात्री कामाला किती माणसं असतात, हे मात्र विचारलं नाही. आयुष्यभर रात्रपाळी केलेल्या मलाही ते सुचलं नाही, याची टोचणी अजून जात नाही.

फेब्रुवारीत एका रात्री दीडच्या सुमाराला ताई बाथरूमला जायला उठली आणि दारातच पडली. दोन मजल्यांवर मिळून 34 आजी-आजोबा, आणि रात्री एक मावशी, तीही तळमजल्यावर. बोलवायची बेल होती, पण पलंगाच्या उशाशी भिंतीवर. जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात तिथे कसा पोचणार? सकाळी सहाला चहा घेऊन वर गेलेल्या मुलीला ताई दिसली. साडेचार तास ती थंड फरशीवर होती. आम्हाला फोन आला नऊला. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत बारा वाजले. खुब्याचं हाड मोडलं होतं. हे ऑपरेशन शक्यतो 48 तासांच्या आत व्हायला हवं. ताईचं झालं पाचव्या दिवशी, कारण ती रक्त पातळ करणारी गोळी घेते हे सोबत आलेल्या माणसाला ठाऊकच नव्हतं. फाइल नव्हती, औषधांची चिठ्ठी नव्हती. गोळ्या प्लॅस्टिकच्या डबीत सकाळ-संध्याकाळच्या कप्प्यांत भरलेल्या, नावं असलेली पाकिटं फेकून दिलेली.

ऑपरेशननंतर ताई परत तिथेच गेली. आमचा नाइलाज होता. भाचा रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल करायचा. आई पावडर लावून, केस विंचरून बसलेली दिसायची. त्याचं समाधान व्हायचं. पण व्हिडिओ कॉलवर तोंड दिसतं, पाठ दिसत नाही. तीन आठवड्यांनी मी गेले, तिला कुशीवर केलं, आणि माकडहाडावरची जखम बघून हातातला कापूस तसाच राहिला. वरून दहाच्या नाण्याएवढी, आत चांगलीच खोल, कडा काळ्या पडलेल्या. ही जखम एका रात्रीत होत नाही. दर दोन तासांनी कूस बदलली, चादरीला सुरकुती राहू दिली नाही, डायपर ओला झाल्याबरोबर काढला, तर ती बहुतेक टाळता येते. एअर बेड आम्ही स्वतः आणून दिला होता. तो पलंगावर होता, फक्त हवा नव्हती. मोटरचा प्लग काढून त्या जागी मोबाइलचा चार्जर लावला होता.

मी त्या मावशींना बोलले नाही. बाई परभणीकडची, महिना अकरा हजारांवर. दिवसाची बाई आली नाही की हिनेच पुढे रेटायचं. कूस कशी बदलायची, जखम सुरू होताना कातडी कशी लाल दिसते, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. मी दाखवलं तेव्हा तिने लक्ष देऊन पाहिलं आणि म्हणाली, "बाई, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी केलं नसतं का?" 34 जणांमागे एक बाई ठेवली तर कितीही मायाळू असली तरी ती कुठे कुठे पुरणार?

तिथल्या कार्यालयात मी परवाना मागितला. दुकाने व आस्थापना कायद्याखालची ऑनलाइन पावती दाखवली. कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर आपल्या राज्यात नुसतं कळवलं तरी पुरतं. न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असते, पण तिथे बघतात हिशेब. पाठ कुणी बघत नाही. चार खाटांचं प्रसूतिगृह काढायचं तर 1949 च्या शुश्रूषागृह कायद्याखाली नोंदणी लागते. ताईच्या शेजारच्या दोन खोल्यांत नाकात नळी, लघवीची पिशवी आणि ऑक्सिजनवर असलेले पाच पेशंट होते. त्यांना काय म्हणायचं, रहिवासी?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा 2007 साली आला. त्याच्या कलम 19 मध्ये निराधार ज्येष्ठांसाठी दर जिल्ह्यात किमान 150 जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे आणि तिथल्या सेवेचा दर्जा ठरवायला सांगितलं आहे. पण तो सरकारने काढलेल्या आश्रमांचा विषय. पैसे भरून राहणाऱ्यांचं काय? डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं. त्यात खासगी निवासांची आणि घरी माणसं पाठवणाऱ्या ब्युरोंचीही नोंदणी सक्तीची होती, किमान निकष होते. ते स्थायी समितीकडे गेलं आणि 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर संपलं. दरम्यान 1 जानेवारी 2023 च्या पहाटे दिल्लीत ग्रेटर कैलासमधल्या अशाच एका निवासाला आग लागली आणि दोन वृद्ध बायका गेल्या. तीही रात्रीचीच वेळ. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 चांगली आहे, मी स्वतः वापरली, माणसं नीट बोलतात. पण ती सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते.

केंद्राच्या कायद्याची वाट बघत बसायची गरज नाही. 2007 च्याच कायद्याच्या कलम 22 प्रमाणे राज्य सरकार जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार देऊ शकतं, आणि या विषयाचे नियम राज्याने 2010 मध्ये केलेलेच आहेत. त्यात खासगी वृद्धाश्रमांची नोंदणी घाला. प्रत्येक मजल्यावर रात्री एक जागं माणूस, अंथरुणाला खिळलेले जास्त असतील तर त्या मानाने जास्त. बाथरूममध्ये फरशीपासून हातभर उंचीवर बेलची ओढायची दोरी. प्रत्येकाच्या पलंगाशी औषधांचा कागद आणि कूस बदलल्याची वेळ लिहायची वही, जी नातेवाइकांना कधीही बघता यावी. माणूस पडलं तर तासाभरात घरी फोन. मावशींना सरकारी नर्सिंग शाळेत दोन आठवड्यांचं शिक्षण. आमच्यासारख्या निवृत्त सिस्टर शिकवायला फुकट येतील, मी पहिली येईन. आणि तपासणी रात्री अकरानंतर, न कळवता. दुपारी चार वाजता कुठलाही आश्रम छान दिसतो.

ज्यांना सध्या जागा शोधायची आहे त्यांनी एकदा रात्री साडेदहाला जाऊन बेल वाजवावी. दार उघडायला किती वेळ लागला ते घड्याळात बघावं. उघडणारं माणूस कोण आहे, किती वेळ ड्यूटीवर आहे, ते विचारावं. आपलं माणूस तिथे राहायला लागल्यावर दर भेटीला त्याला कुशीवर करून पाठ, टाचा आणि माकडहाड बघावं. संकोच करू नये.

ताई आता माझ्याकडे आहे. मी 67 वर्षांची. समोरच्या खोलीत हे डायलिसिसचे, आतल्या खोलीत ती. रात्री बारा, दोन, चार असे गजर लावते. जखम भरत आली आहे, पण ताई अजून उठून उभी राहिलेली नाही. भाचा पैसे पाठवतो, रात्रीची बाई शोधतो आहे. तीन ब्युरोंना फोन केले. तिघांनी बाईचा दर सांगितला. तिला काय येतं हे विचारल्यावर तिघांकडेही उत्तर नव्हतं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा