नव्या संगीताची पाठराखण रेडिओनेच केली

संपादक महोदय,

नव्या, प्रयोगशील संगीताचे महोत्सव मूठभर लोकांसाठी असतात, त्यांच्या प्रसारणावर पैसा कशाला, असा सूर हल्ली वारंवार ऐकू येतो. तो मला पटत नाही. जर्मनीतल्या डोनाउएशिंगन या छोट्या गावात 1921 पासून असा महोत्सव भरतो आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो तिथल्या प्रादेशिक रेडिओच्या आधारावरच उभा राहिला. रेडिओ नुसते प्रक्षेपण करत नव्हता. तो संगीतकारांकडून नव्या रचना लिहून घेत होता, वादकवृंद पोसत होता.

संगीतकार ग्यॉर्गी लिगेटी यांची वादकवृंदासाठीची रचना ‘अ‍ॅत्मोस्फेअर’ 1961 मध्ये तिथेच, रेडिओच्या वादकवृंदाने प्रथम वाजवली. तीत ना चाल, ना ठेका. एके ठिकाणी पिकोलो बासऱ्या कानठळ्या बसाव्यात इतक्या उंच चढतात आणि क्षणात खाली डबल बास ही खर्जातली मोठी तंतुवाद्ये घुमू लागतात. अंगावर काटा येतो! अशी रचना तिकीटविक्रीच्या भरवशावर जन्मली असती का?

म्हणूनच 2016 मध्ये हा वादकवृंद काटकसरीपोटी दुसऱ्यात विलीन झाला, याची हळहळ वाटते. निदान ही प्रसारणे तरी मध्यरात्रीच्या अडगळीत ढकलू नयेत. आधी दोन मिनिटे कोणी समजावून सांगितले, तर नवखा श्रोताही थांबून ऐकतो.

– एक संगीतप्रेमी वाचक