लूसिफरच्या वकिलास

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. देवाविरुद्ध उठलेला देवदूत लूसिफर, म्हणजे सैतान, हाच खरा बंडखोर, बाकीचे सगळे किरकोळ, असं तू ठणकावून लिहिलं आहेस. मला ते पटलेलं नाही.

एक तर तुझा लूसिफर बायबलमधून आलेलाच नाही. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, चौदाव्या अध्यायात, आकाशातून कोसळणारा पहाटतारा आहे खरा, पण तो टोमणा बाबेलच्या राजाला आहे. हरूनही मान न झुकवणारा सैतान आपल्या मनात ठसवला तो इंग्रज कवी मिल्टनने, १६६७च्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यामध्ये. मिल्टन म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या शिरच्छेदाचं छापील समर्थन केलेला माणूस. १६६०मध्ये राजेशाही परतल्यावर काही काळ तुरुंगातही पडला. बंडाची भाषा त्याच्या अंगातच होती, म्हणून सैतानाची भाषणं अशी चढतात. पण दुसऱ्या सर्गाची सुरुवात पाहा. नरकात पोचल्यावर हे महाशय हिंदुस्थानच्या संपत्तीलाही फिकं पाडणाऱ्या सिंहासनावर! सिंहासन वाईट, असं त्याचं म्हणणं कधी नव्हतंच. त्यावर दुसरा बसलाय, एवढंच दुखणं. आपल्याकडे पक्ष फोडणाऱ्यांचं असतं तसं. त्याच्याच गोटात उभं राहून एकट्याने त्याला विरोध करणारा देवदूत अब्दिएल मला जास्त धाडसी वाटतो.

त्यापेक्षा अझाझेल हा पतित देवदूत घे. त्याची गोष्ट आहे हनोख या बायबलमधल्या सत्पुरुषाच्या नावाच्या जुन्या पुस्तकात. ते इथिओपियाच्या चर्चने बायबलमध्ये ठेवलं, बहुतेकांनी वगळलं. त्यात दोनशे देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात, ते माणसांच्या मुलींवर भाळून. अझाझेल माणसांना तलवारी, ढाली घडवायला शिकवतो. बांगड्या, काजळ, रंगसुद्धा. पुढे पृथ्वीवर रक्तपात माजतो आणि सगळं पाप त्याच्या नावावर मांडलं जातं. हातपाय बांधून वाळवंटातल्या अंधारात, वर धारदार दगड. शस्त्रं देणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, पण काजळासाठीही तीच शिक्षा? आणि गंमत म्हणजे हे देवदूत घाबरून हनोखकडून माफीचा अर्ज लिहून घेतात. देव विचारतो, माणसांसाठी रदबदली तुम्ही करायची, की तुमच्यासाठी माणसाने? अर्ज नामंजूर.

माझा माणूस मात्र ईयोब, बायबलमधला तो निष्पाप, देवभीरू माणूस. त्याला ना गादी हवी, ना माफी. गुरंढोरं गेली, दहा मुलं गेली, अंगभर फोडं उठली. मित्र समजावतात, काहीतरी पाप केलं असशील, कबूल कर. तो करत नाही. उलट एकतिसाव्या अध्यायात म्हणतो, ही माझी सही, आता सर्वसमर्थाने उत्तर द्यावं! देव वावटळीतून बोलतो, त्याला चांगलाच दबकावतो, ईयोब नमतंही घेतो. पण शेवटी देवाचा राग कुणावर? देवाची बाजू मांडणाऱ्या त्या मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब बोलला तसं योग्य तुम्ही बोलला नाहीत, असं त्यांना ऐकवतो. लूसिफरला हे कधी जमलं?

नंतर ईयोबला पुन्हा दहा मुलं होतात, म्हणून सगळं ठीक झालं, हे मात्र माझ्या गळी उतरत नाही. गेलेल्या दहांचं काय?

तू ईयोबचा पहिला नि शेवटचा अध्यायच वाचला असणार, असा मला दाट संशय आहे. मधले वाच, मग भांडू.

तुझाच,
जुना भांडखोर दोस्त