लाइपझिगहून सांगलीला

ती. बाबा आणि ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार,

मी मजेत आहे. आई, जेवण वेळेवर होतं. व्हिडिओत चेहरा बारीक दिसतो तो खोलीतल्या दिव्यामुळे. बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "एवढ्या रात्री बाहेर काय करतेस?" ट्राममध्ये नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. संगीत नाटकाला गेले होते. इथल्या संगीत महाविद्यालयाची मुलं ऑपेरा बसवतात. तिकीट परवडतं, ऑफिसातली मैत्रीण सोबत असते, ट्राम घराच्या कोपऱ्यावर थांबते. काळजी करू नका.

हे महाविद्यालय मेंडेल्सोन नावाच्या जर्मन संगीतकाराने १८४३ साली काढलं. साल ऐकलं आणि अंगावर काटा आला. त्याच साली विष्णुदास भाव्यांनी आपल्या सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं! ऑफिसात भेटेल त्याला सांगितलंय.

या वेळी मोझार्टचं 'फिगारोचं लग्न' होतं, १७८६ सालचं. आजीला गोष्ट नक्की आवडेल. जहागीरदाराच्या वाड्यातल्या नोकराचं लग्न, आणि धन्याचा डोळा त्याच्याच नवरीवर. मग नवरी आणि धन्याची बायको मिळून त्याची खोड मोडतात. हरिपूरच्या देवलांची 'शारदा' जिने इतक्यांदा पाहिली, तिला यात काही परकं वाटणार नाही. शिवाय पोरसवदा हुजऱ्याचं काम बाईच करते, पहिल्यापासून तशीच रीत आहे. बालगंधर्वांच्या अगदी उलट.

एका गोष्टीचा मात्र उलगडा होत नाही. गाणं चालू असताना इथे कुणी 'वा' म्हणत नाही, मान डोलवत नाही, मांडीवर ताल धरत नाही. खोकलासुद्धा दाबून धरतात आणि अंक संपला की सगळे मिळून खोकून घेतात. गाण्यानंतर टाळ्या पडतात, त्याही बेताच्या. वन्समोअर नाहीच. पण खेळ संपला की याच माणसांच्या टाळ्या थांबत नाहीत. मुलं येतात, वाकतात, आत जातात, पुन्हा बोलावली जातात. मग वादकांचे सर येतात, की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तर लोक पायांनी जमीन बडवतात! गाणाऱ्यांना माइक नसतो, पुढ्यात पन्नासेक वाद्यं वाजत असतात, म्हणून आधी एवढी शांतता पाळत असतील.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला जहागीरदारीण पहिल्यांदाच रंगमंचावर येते, एकटी, आणि आल्या आल्या तिला गायचं असतं. गाणारी माझ्यापेक्षाही लहान असेल. शालीचं टोक धरलेला तिचा हात थरथरत होता, मला तिसऱ्या रांगेतून दिसत होतं. आवाज तसूभर हलला नाही. 'वा' अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं.

चौथ्या अंकात एक मुलगी कंदिलाच्या उजेडात हरवलेली टाचणी शोधत गाते. काम एवढंसंच. तिची आई माझ्या शेजारीच होती, लांबून रेल्वेने आलेली. गाणं संपेपर्यंत हातातला रुमाल पिळत होती. माझ्या गॅदरिंगला तुम्ही दोघं पुढे जागा धरून बसायचात, ते आठवलं.

बरं, कर्जाचा हप्ता आणि आजीच्या मोतीबिंदूचे पैसे शुक्रवारी पाठवलेत, जमा झाले की कळवा. लेन्स चांगलीच बसवा, पैशाकडे बघू नका. ऑपरेशनला मी नसेन, तेव्हा डोळ्यांत थेंब घालायचं काम दादाने अंगावर घ्यावं. तासगावच्या लग्नाला जमत नाही. रजा मिळाली असती, पण तिकिटाचा खर्च आत्ता नको वाटला. आत्याला मीच फोन करते, तुम्ही बोलणी खाऊ नका. आहेराची साडी आईच्या पसंतीने घ्या, पैसे त्यातच धरलेत.

मिरजेच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. मुलाशी आधी मी बोलेन, पत्रिका मागाहून बघू. त्याला सांगली-मिरज सोडायची नाही, हे आईने सांगितलं ते लक्षात आहे. पण इथला करार पुढच्या वर्षाअखेरपर्यंत आहे आणि तो मोडून मी येणार नाही. हे त्यांना आधीच सांगा, लपवू नका. आई, यावरून बाबांशी अबोला धरू नकोस, माझ्याशी भांड.

भडंग पाठवाल तर लसूण जास्त घाला.

तुमची,
मनू