खालच्या मजल्यावरच्या काकांना

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकलाय, बस" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. गिटार नुकतंच हाती घेतलेल्या कुणाकडे उद्या बेस, म्हणजे खालच्या सुरांचं चार तारांचं गिटार, आलं, तर तुम्ही मला दिलंत त्यातलं थोडं त्यालाही मिळावं.

जूनमध्ये सोसायटीच्या गणपतीसाठी आमचा ग्रुप जमला, तेव्हा मला इलेक्ट्रिक गिटार शिकायला लागून आठ महिने झाले होते. दोन गिटारवाले आधीच होते. "तू बेस घे, चारच तर तारा आहेत," असं सगळे म्हणाले. मला ते लागलं होतं. आपल्याला गिटार येत नाही म्हणून मागे उभं करतायत, असंच वाटलं. तारांची नावंही तीच, ई, ए, डी, जी, फक्त एक सप्तक खाली. पंधरा दिवसांत उरकेल असं धरून मी मागून आणलेला बेस माझ्या छोट्या गिटार-अ‍ॅम्पला जोडला आणि आवाज पूर्ण वाढवला.

तुम्ही जिना चढून आलात तेव्हा मला वाटलं, आता तक्रार. तुम्ही सरळ अ‍ॅम्पचं बटण खाली आणलंत आणि म्हणालात, "अगं, स्पीकर फाटेल." बेसची मोकळी ई तार सेकंदाला साधारण 41 वेळा हलते, गिटारची 82 वेळा. इतका खालचा आवाज मोठ्याने काढायला गिटारचा छोटा स्पीकर बनलेलाच नसतो, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही ऑर्केस्ट्रात वीस वर्षं बेस वाजवला होता, हेही त्याच संध्याकाळी कळलं.

मग तुमचा स्वतःचा बेस माझ्या हातात आला. तारेची वाजणारी लांबी 34 इंच, जड, तारा जुन्या आणि गुळगुळीत. आठवडाभरात माझं मनगट दुखायला लागलं, कारण मी गिटारच्या सवयीने चार बोटं चार फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांमधल्या घरांवर, ताणत होते. गिटारचा पहिला फ्रेट जेमतेम दीड इंचाचा, याचा जवळजवळ दोन इंच. तुम्ही माझी अनामिका आणि करंगळी एकत्र धरलीत आणि म्हणालात, "खालच्या फ्रेटवर ही दोन्ही एकच बोट समज." उभं धरून वाजवायच्या भल्या मोठ्या डबल बेसवाल्यांची ही पद्धत. मनगटाचं दुखणं त्या दिवसापासून कमी होत गेलं.

पण ज्यासाठी मी आयुष्यभर तुमची ऋणी राहीन, ती संध्याकाळ वेगळी. तुम्ही डग्गा पुढ्यात घेतलात आणि मला एकच सूर वाजवायला सांगितलात, ए तारेवरचा सी. तुम्ही डग्ग्यावर घुमारा काढायचात, मग तळवा टेकवून तो दाबायचात. माझा सूर त्याच क्षणी थांबायला हवा होता. वीस मिनिटं तोच सूर. मी वेळेवर सुरू करत होते, पण संपवत कुठेही होते. गिटारवर सूर वाजला की माझं काम संपायचं, तो रेंगाळला तर बरंच वाटायचं. इथे तो रेंगाळला की पुढच्या ठोक्याची जागा बुजत होती. डावं बोट नुसतं सैल करायचं, तार सोडायची नाही, उजवा अंगठा वरच्या तारेवर टेकवून ती गप्प ठेवायची, हे तुम्ही स्वतःच्या हाताने दाखवलंत. तुमच्या तर्जनीच्या टोकाला पडलेला घट्टा मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिला.

मी हिरमुसले होते तेव्हा तुम्ही मोठी नावं सांगितलीत. पॉल मॅकार्टनी आधी गिटारच वाजवायचा, 1961 मध्ये त्याच्या बीटल्स या बँडला बेसवाला उरला नाही म्हणून बेसवर आला. कॅरोल के स्टुडिओतली गिटारवादक, 1963 च्या सुमारास एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून तिने बेस धरला आणि मग त्यातच नाव काढलं. ती पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीने वाजवायची, म्हणून तुम्ही माझं पिकही काढून घेतलं नाहीत. बेसवादक जेम्स जेमरसन मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची इतकी गाणी एका तर्जनीने वाजवून गेला, तेव्हा दोन बोटं आलटूनपालटून चालत नाहीत म्हणून रडायचं कारण नाही, असंही म्हणालात. मला त्या दिवशी फार धीर आला.

गणपतीच्या पाचव्या दिवशी कार्यक्रमात दुसऱ्या गाण्याला गिटारवाल्याची तार तुटली. तो थांबला, पण ढोलकी आणि मी चालू राहिलो आणि गाणारी डगमगली नाही. मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही डोळे मिटून मांडीवर ठेका धरला होतात.

मी आता स्वतःचा बेस घेतलाय, जुनाच. तुमचा रविवारी सकाळी दहाच्या सुमारास परत आणते. सांगितल्याप्रमाणे तारा बदललेल्या नाहीत, कोरड्या फडक्याने पुसल्या आहेत. काकूंना नमस्कार सांगा. आणि डग्गा बाहेर काढून ठेवा, मला अजून शिकायचंय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची