रोज बाळगायचं रिव्हॉल्वर : काकांना पत्र

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. पोलिसात उभी नोकरी काढलेल्या माणसाला रिव्हॉल्वर मी काय समजावणार! पण तुमचा प्रश्न कमरेच्या पट्ट्याला उघड लावायच्या हत्याराचा नाही. साध्या कपड्यांत, दिवसभर, कुणाच्या लक्षात न येता बाळगायला इथे अमेरिकेत लोक काय घेतात, आणि पिस्तुलं इतकी लहान झालेली असताना रिव्हॉल्वर का घेतात, हे तुम्हाला हवंय.

कारण साधं आहे. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, मागेपुढे व्हायला मोकळी जागा लागते. झटापटीत नळी समोरच्याच्या अंगाला टेकली तर स्लाइड थोडी मागे सरकते आणि बार उडतच नाही. कोटाच्या खिशात कापड अडकतं. रिव्हॉल्वरला ही अडचण नाही, आणि एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं समोर येतं. मात्र रिव्हॉल्वर खरोखर अडकलं की हाताने थापटून सुटत नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता मॉडेल. स्मिथ अँड वेसनने १९५० मध्ये पाच राउंडची, म्हणजे पाच काडतुसांची, लहान 'जे' फ्रेम (सांगाडा) काढली, आजही बाजार तिच्याभोवतीच फिरतो. सगळ्यात जास्त दिसतं ते ६४२ : ॲल्युमिनियमची फ्रेम, पावणेदोन इंचांहून किंचित लांब नळी, ३८ स्पेशल काडतूस, वजन साधारण ४१० ग्रॅम, घोडा (बार उडवायला आपटणारा भाग) पूर्ण आत झाकलेला. तेच काळ्या रंगात ४४२. रुगरचं एलसीआर २००९ मध्ये आलं. त्याचा मागचा भाग पॉलिमरचा, वजन ३८० ग्रॅमच्या आसपास. सहा राउंड हवेत तर किंबर के६एस आहे, पण ते पोलादी आणि साडेसहाशे ग्रॅमचं. त्याचं सिलेंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) ३५ मिलिमीटर जाड, जे फ्रेमचं ३३. दोन मिलिमीटर कागदावर काहीच नाहीत, पण पँटच्या खिशात जाणवतात.

गिऱ्हाईक चुकतं ते वजनात. दुकानात ३३५ ग्रॅमचं ३४०पीडी हातात घेतलं की माणूस तिथेच भाळतो. ते ३८ पेक्षा जोरदार अशा ३५७ मॅग्नम काडतुसाचं आहे, आणि एवढ्या हलक्या हत्यारातून ती गोळी मारली की दुसऱ्या बारानंतर हात आपोआप आखडतो. सराव बंद पडतो, आणि सराव नसलेलं दोन इंची रिव्हॉल्वर सात पावलांवरही चुकतं. शिवाय हलक्या फ्रेमचा झटका इतका तीक्ष्ण असतो की न उडालेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी सिलेंडरच्या बाहेर डोकावली की सिलेंडर फिरतच नाही. म्हणून त्या मॉडेलवर १२० ग्रेनपेक्षा (सुमारे ७.८ ग्रॅम) हलकी गोळी वापरू नका अशी सूचनाच कोरलेली असते. तपासायची रीत अशी : पाच काडतुसं भरायची, पाचव्यावर पेनाने खूण करून त्याची लांबी कॅलिपरने मोजून ठेवायची, चार उडवायची, मग पाचवं काढून पुन्हा मोजायचं. लांबी स्पष्ट वाढली असेल तर ते काडतूस त्या रिव्हॉल्वरसाठी बाद.

माझं मत विचाराल तर खिशासाठी चारशे ग्रॅमचं ३८ स्पेशल, आणि कमरेला लावणार असाल तर सहाशेच्या वरचं पोलादी. मधलं ४८५ ग्रॅमचं ३५७ एलसीआर घेऊन त्यात ३८ वापरणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांचा हिशेब चुकीचा नाही, तेवढ्या जास्त वजनाने झटका कमी होतो. फक्त आखूड ३८ सतत वापरलं की चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसायच्या भोकात, काजळीचं कडं जमतं. ते ब्रशने घासलं नाही तर लांब ३५७ नीट आत जात नाही.

चाप हा निवडीचा गाभा. झाकलेल्या घोड्यामुळे प्रत्येक बार लांब ओढीचाच, जे फ्रेमवर साधारण पाच किलोचा. उघडा घोडा खिशाच्या शिवणीत अडकतो आणि चढवून ठेवला तर चाप फारच हलका होतो, त्यामुळे बाळगायला तो नकोच. दुकानदाराची परवानगी घेऊन, सिलेंडर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने बघून, सुरक्षित दिशेला नळी धरून दहा वेळा सावकाश ओढून बघायचं. पुढची साइट (नेम धरायची खूण) शेवटच्या क्षणी खाली किंवा बाजूला उडी मारते का? मारत असेल तर मूठ हाताला लहान आहे किंवा बोट पुरेसं पोचत नाही. रुगरची ओढ सरळ आणि गुळगुळीत लागते, स्मिथची शेवटाकडे जड होत जाते. चाप सोडताना पूर्ण पुढे येऊ द्यायचा. घाईत अर्धवट सोडून पुन्हा ओढला की राउंड वाया जातो किंवा चाप अडतो.

गोळीचं सांगायचं तर दोन इंची नळीतून वेग कमी मिळतो. त्यामुळे लांब नळीतून छान फुलणाऱ्या बऱ्याच होलो पॉइंट (पोकळ टोकाच्या) गोळ्या इथे बंदच राहतात. आखूड नळीसाठीच बनवलेली गोल्ड डॉटची १३५ ग्रेनची प्लस-पी (जास्त दाबाची) गोळी चालते, पण नळीवर प्लस-पी कोरलेलं असेल तरच. मनगट कमजोर असेल तर १४८ ग्रेनची सपाट तोंडाची वॉडकटर. तिचा झटका सौम्य आणि नेम सरळ. अडचण एकच : सपाट तोंडामुळे घाईत ती चेंबरच्या काठाला अडते. म्हणून जाणकार सिलेंडरमध्ये वॉडकटर ठेवतात आणि खिशातल्या जादा काडतुसांच्या पट्टीत टोकदार काडतुसं.

तुमच्या ओळखीचं एक सांगतो. कानपूरचं आपलं ३२ बोअर रिव्हॉल्वर मधून मोडलं की पुंगळ्या आपोआप वर येतात. इथलं सिलेंडर बाजूला उघडतं आणि पुंगळ्या आपणच ढकलायच्या. रुगरचं बटण आत दाबायचं, स्मिथचं पुढे, कोल्टचं मागे ओढायचं. मग नळी आभाळाकडे करून पुंगळ्या ढकलायच्या दांडीवर तळव्याने एकच जोरकस ठोसा. लहान मॉडेलची दांडी आखूड असते, पुंगळ्या पूर्ण बाहेर येत नाहीत, म्हणून वजनाची मदत लागते. नळी खाली ठेवून ढकललं तर पुंगळीची कड पुंगळ्या बाहेर काढणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या एक्स्ट्रॅक्टरखाली जाते, सिलेंडर ना उघडतं ना मिटतं, आणि न जळालेल्या दारूचे कण त्याच खाचेत शिरतात. तिथला एकच कण सिलेंडर जड फिरवायला पुरतो. म्हणून साफ करताना नळीआधी तिथे जुना टूथब्रश फिरवायचा.

३२ बोअर इथेही परत आलंय. २०२४ मध्ये स्मिथने जे फ्रेममध्येच सहा राउंडचं ३२ एच अँड आर मॅग्नम काढलं. झटका कमी, राउंड एक जास्त. आपल्याकडची ३२ लाँग काडतुसं त्यात चालतात. उलटं, म्हणजे ही मॅग्नम काडतुसं आपल्या ३२ मध्ये, मात्र कधीही नाही.

होल्स्टरवर, म्हणजे हत्यार ठेवायच्या म्यानावर, पैसे वाचवू नयेत. चापाचं कडं पूर्ण झाकणारं हवं, आणि त्या खिशात दुसरं काही म्हणजे काही नको, किल्लीसुद्धा नाही. खिशातला कापसाचा चुरा आठवड्याने झटकायचा.

जुनं घेणार असेल कुणी, तर चाप ओढून धरून सिलेंडर हलवून बघायचं. किंचित हलणं ठीक, खडखड नको. नळी आणि सिलेंडरमधली फट ०.१५ मिलिमीटरच्या आसपास असावी, ०.२५ च्या वर गेली तर सोडून द्यावं. ॲल्युमिनियम फ्रेमला नळी जिथे बसते त्याच्या खालची कड भिंगाने बघायची, चीर पडते ती तिथेच.

आणि राजूला सांगा, एच-१बी व्हिसावर येऊन लगेच दुकानात जाता येईल असं समजू नये. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, केंद्रीय कायद्याने हत्यार आणि काडतूस दोन्हीची मनाई आहे. ग्रीन कार्ड झालं की घेता येतं. खरेदीचा फॉर्म ४४७३ भरायचा, पूर्वेतिहासाची तपासणी होते. जवळ बाळगायचे नियम मात्र राज्यागणिक वेगळे. एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही, आणि पोस्ट ऑफिसासारख्या सरकारी इमारतीत हत्यार नेण्याचे नियम आधी बघूनच जावं.

काकूंना नमस्कार. तुमच्या वेळचं रिव्हॉल्वर किती ग्रॅमचं होतं ते पुढच्या पत्रात जरूर कळवा.

आपला,
सुहास